पेरिटोनियल डायलिसिस : गढूळ द्रवाचे कारण नेहमी जंतुसंसर्गच नव्हे

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये उदरपोकळीत सोडलेला द्रव काही तासांनी नळीवाटे बाहेर काढला जातो. हा द्रव गढूळ आल्यास, अन्य कारण सिद्ध होईपर्यंत जंतुसंसर्ग गृहीत धरून उपचार करावेत, असे २०२२ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

रायपूर येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या पद्धतीचे उपचार होतात. मूत्रपिंडविकारामुळे चर्चेत आलेले गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा हे गाव रायपूरपासून सुमारे २०० किलोमीटरवर आहे. अशा दूरच्या गावांतील रुग्णांना घरीच करता येणारे हे डायलिसिस सोयीचे असले, तरी द्रवाच्या तपासणीसाठी रुग्णालय गाठावेच लागते.

द्रवाच्या दर मायक्रोलिटरमध्ये १०० हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल आढळल्यास संसर्गाचा संशय बळावतो. इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असल्यास नळी वा पिशवीतील घटकांची अॅलर्जी संभवते. नळी बसविल्यानंतरच्या काळात आढळणारा हा प्रकार बहुधा आपोआप शमतो. पेशी न वाढता द्रव दुधाळ दिसल्यास त्यात लसिकेतील मेद मिसळलेला असू शकतो. लर्कॅनिडिपिनसारखी रक्तदाबावरील औषधेही त्यास कारणीभूत ठरतात. फायब्रिनचे तंतू, मासिक पाळीच्या सुमारास मिसळणारे रक्त आणि क्वचित कर्करोग हीदेखील कारणे आहेत.

रुग्णांनी गढूळ द्रवाची पिशवी फेकून न देता ती घेऊन त्वरित रुग्णालयात जावे. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. अचूक निदान झाल्यास अनावश्यक प्रतिजैविके आणि नळी काढण्याची वेळ टळू शकते.