सरणाच्या लाकडांचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की गड, तह आणि राज्यारोहणे डोळ्यांपुढे येतात. मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो जेमतेम तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. त्याची साधने म्हणजे स्मशानातल्या लाकडांच्या पावत्या आणि नगरपालिकेच्या नोंदवह्या. मी विद्यापीठाचे तोंड पाहिलेला मनुष्य नव्हे. कामगार संघटनेच्या कामात जे हजेरीपट, करारनामे आणि निकालपत्रे हाती आली, ती वाचत वाचत मी वाचायला शिकलो. परंतु कागदावरची एक ओळ माणसाच्या जिवाला कशी बांधलेली असते, हे या कामात पुरते कळते. त्या अधिकारावरच मी हा विषय घेतला आहे.

विषय पंजाबचा आहे. पंजाब आपल्याला परका नाही. नामदेवमहाराजांच्या नावाने ओळखले जाणारे घुमान गुरदासपूर जिल्ह्यात आहे आणि २०१५ साली आपले साहित्य संमेलनही तेथे भरले होते. त्याच्या शेजारी अमृतसर जिल्हा आहे. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत या जिल्ह्यातली तरुण माणसे नाहीशी होऊ लागली. कोणाला घरातून नेले, कोणाला शेतावरून, कोणाला बसच्या थांब्यावरून. नेणारे कधी गणवेशात असत, कधी साध्या कपड्यांत. ठाण्याच्या दप्तरात अटकेची नोंद नसे. बाप एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हेलपाटे घाली आणि प्रत्येक ठाण्यात त्याला एकच उत्तर मिळे : असा मनुष्य आमच्याकडे नाही. मग एखाद्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येत, की चकमकीत अनोळखी अतिरेकी ठार झाला. किंवा असे, की लपवलेली शस्त्रे दाखवायला नेत असता साथीदारांनी हल्ला केला आणि त्या गोळीबारात आरोपीच मेला. ही हकीगत इतक्या वेळा छापून आली, की जणू तिचा छापील नमुनाच तयार होता.

त्या काळाची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अर्धसत्य होईल. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरले. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींचा खून झाला आणि लगोलग दिल्लीत हजारो निरपराध शिखांची कत्तल झाली. पंजाबात खलिस्तानी अतिरेक्यांनी बसमधून उतारू उतरवून मारले, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या गरीब मजुरांवर गोळ्या झाडल्या, पोलिसांची बायकामुले मारली. आमच्या चळवळीलाही त्याची झळ लागली. कॅनडात लाकूड-कामगारांची संघटना बांधून मायदेशी परतलेले कम्युनिस्ट पुढारी दर्शनसिंग कॅनेडियन यांचा १९८६ साली खून झाला. कवी पाश यांना २३ मार्च १९८८ रोजी, म्हणजे नेमक्या भगतसिंगांच्या हौतात्म्याच्या दिवशी, गोळ्या घातल्या. तेव्हा अतिरेक्यांविषयी माझ्या मनात मऊ कोपरा असण्याचे काही कारण नाही. प्रश्न निराळा आहे. राज्याने ज्याला धरले त्याचे पुढे काय झाले, हे सांगायला राज्य बांधील आहे की नाही?

या प्रश्नाला उत्तर शोधणारा माणूस बँकेत नोकरी करणारा होता. त्यांचे नाव जसवंतसिंग खालडा. जन्म १९५२ चा, आजोबा गदर चळवळीतले. आपले काही सहकारी नाहीसे झाले म्हणून खालडा त्यांच्या शोधाला लागले. ठाण्यात उत्तर मिळेना, इस्पितळात मिळेना. तेव्हा ते स्मशानात गेले. तेथे त्यांना जे सापडले ते कोणी लपवून ठेवलेलेही नव्हते. मेलेल्या माणसाला जाळायला लाकूड लागते. एका सरणाला साधारण तीन क्विंटल. प्रेत बेवारस असेल तर हे लाकूड सार्वजनिक पैशातून येते आणि सार्वजनिक पैसा खर्च झाला की पावती करावी लागते, वहीत ओळ लिहावी लागते. प्रेते किती, लाकूड किती, प्रेत कोणत्या पोलीस अधिकाऱ्याने आणले, हे सारे त्या वह्यांत कारकुनी हस्ताक्षरात नोंदलेले होते. काही ठिकाणी मृताचे नाव आणि गावही होते, आणि तरीसुद्धा शेरा ‘लावारिस’, म्हणजे बेवारस!

येथे मला माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगाविशी वाटते. आमच्या भागातल्या एका कारखान्यात रात्रपाळीला भिंत कोसळून एक बदली कामगार दगावला. सकाळी व्यवस्थापनाचे उत्तर तयार होते : मस्टरवर नाव नाही, सबब हा आमचा माणूस नव्हे. नुकसानभरपाई तर राहोच, त्याच्या बायकोला ती त्याची बायको आहे हेही पटवून द्यावे लागले. शेवटी कँटीनच्या उधारीच्या वहीत त्याचे नाव निघाले. महिनाभराचा चहा आणि पाव, तारीखवार. ज्याला मस्टरवर जागा नव्हती तो उधारीवर जिवंत होता! त्या वहीवर आम्ही भांडलो. खोटे बोलणारा माणूस एक वही सांभाळतो, पण त्याच्या हाताबाहेरच्या दुसऱ्या वह्या असतात आणि त्या लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत याची कल्पनाही नसते. खालडांनी शोधली ती अशी दुसरी वही.

अमृतसरच्या दुर्गियाना मंदिराजवळचे स्मशान, पट्टी आणि तरनतारन येथल्या नोंदी गोळा करून जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी त्या जाहीर केल्या. त्यांच्या संघटनेने हायकोर्टाचे दारही ठोठावून पाहिले. या मृतांशी तुमचा संबंध काय, अशा मुद्द्यावर अर्ज निकालात निघाला. कायद्याच्या भाषेत या प्रश्नाला अर्थ आहे हे मी नाकारत नाही. परंतु ज्यांचा संबंध होता ते आईबाप बोलायला भीत होते, कारण घरात दुसरा मुलगा होता. अशा वेळी नात्यागोत्याबाहेरच्या कोणी तरी उभे राहायचे नाही, तर उभे कोणी राहायचे?

त्याच वर्षी खालडा कॅनडात जाऊन तेथल्या लोकांपुढे ही माहिती मांडून आले. जिवाला धोका आहे, परत जाऊ नका, असे हितचिंतकांनी सांगितले. ते परतले. ६ सप्टेंबर १९९५ रोजी सकाळी अमृतसरच्या कबीर पार्क वसाहतीत, आपल्या घरासमोर मोटार धूत असता, त्यांना उचलून नेण्यात आले. नाहीशा झालेल्यांची यादी करणारा मनुष्य स्वतःच नाहीसा झाला. पोलिसांचे उत्तर तेच : असा मनुष्य आमच्याकडे नाही.

या वेळी मात्र हे उत्तर पुरले नाही. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे अध्यक्ष गुरुचरणसिंग तोहरा यांनी सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना तार केली आणि कोर्टाने ती तारच याचिका म्हणून दाखल करून घेतली. खालडांच्या पत्नी परमजित कौर पुढे आल्या. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करीत. १५ नोव्हेंबर १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने केंद्रीय अन्वेषण विभागाला, म्हणजे सीबीआयला, दोन चौकशा करायला सांगितले. एक खालडांच्या अपहरणाची आणि दुसरी त्यांनी मांडलेल्या सरणांची.

डिसेंबर १९९६ मध्ये सीबीआयचा अहवाल आला. तीन स्मशानांत मिळून २,०९७ प्रेते बेकायदा जाळली गेली होती. त्यांतल्या ५८५ जणांची पुरी ओळख पटली, २७४ जणांची अर्धवट पटली, १,२३८ जणांची पटलीच नाही. हे आकडे एका जिल्ह्याचे आहेत, तेही केवळ तीन स्मशानांचे. पंजाब एवढ्यावर संपत नाही. हा मानवी हक्कांचा सरसकट आणि उघड भंग आहे, अशा आशयाचे शब्द सुप्रीम कोर्टाने वापरले आणि पुढचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले.

आता येथून पुढची हकीगत नीट ऐकावी, कारण माझ्या मते खरा घोळ येथे आहे. आयोगाने १९९९ साली आपल्या कामाची कक्षा आखून घेतली : अमृतसर, मजिठा आणि तरनतारन या तीन पोलीस जिल्ह्यांतली ही २,०९७ सरणे, आणि एवढेच. मनुष्याला कोणी धरले, कोठे ठेवले, कोणी मारले, हे तपासायचे नाही. प्रेत जाळताना पोलिसांच्या नियमावलीप्रमाणे ओळख पटवण्याचा प्रयत्न झाला की नाही, वारसांना कळवले की नाही, एवढेच पाहायचे. शेवटी २०१२ पर्यंत १,५१३ मृतांच्या वारसांना मिळून २७ कोटी ९४ लाख रुपये देण्याची शिफारस झाली. जे मृत्यूपूर्वी पोलिसांच्या ताब्यात होते असे मान्य झाले त्यांना प्रत्येकी अडीच लाख, बाकीच्यांना पावणेदोन लाख. पाचशेहून अधिक जणांची ओळख अखेरपर्यंत पटली नाही.

म्हणजे झाले काय? जाळण्याच्या चुकीची भरपाई ठरली आणि मरणाची चौकशी बाजूला राहिली. आमच्या भाषेत बोलायचे तर अपघातात मेलेल्या कामगाराच्या घरी कंपनीने शववाहिकेच्या दिरंगाईबद्दल पैसे पाठवावेत आणि यंत्राविषयी अवाक्षर काढू नये, तसे हे झाले. पैसे गरजू घरात गेले याचा मला आनंदच आहे. पण आई विचारीत होती ते, माझा मुलगा कोठे गेला. आणि तिला मिळाला तो एक धनादेश.

खालडांच्या खुनाचा मात्र निकाल लागला. पोलिसांच्याच बाजूला काम केलेल्या एका माणसाने साक्ष दिली. त्यांना बेकायदा डांबून ठेवले, मारले आणि देह हरिकेजवळ पाण्यात टाकला, हे कोर्टापुढे आले. देह सापडला नाही. २००५ साली पतियाळाच्या कोर्टाने सहा पोलिसांना दोषी ठरवले, २००७ मध्ये हायकोर्टाने चौघांची सात वर्षांची सजा वाढवून जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. परमजित कौर यांची ही सोळा वर्षांची लढाई होती. अलीकडच्या काळात मोहालीच्या विशेष कोर्टातून १९९२-९३ सालच्या काही प्रकरणांत निवृत्त, वयोवृद्ध पोलिसांना शिक्षा होत आहेत. त्या प्रत्येक खटल्यामागे एखादे घर हट्टाने उभे राहिले आहे. २,०९७ च्या मानाने ते खटले मूठभर आहेत.

आपल्यापैकी कोणाच्या मनात येईल, की दहशतवाद मोडायचा तर हे व्हायचेच. कायद्याने ते झाले नसते. या म्हणण्याला उत्तर पुण्यातच आहे. १० ऑगस्ट १९८६ रोजी माजी सरसेनापती जनरल अरुणकुमार वैद्य यांचा पुण्यात भर रस्त्यात खून झाला. मारेकरी खलिस्तानी होते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. त्यांचा खटला पुण्याच्या विशेष न्यायालयात चालला, साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. दोघे दोषी ठरले. इतर आरोपींविरुद्ध पुरावा पुरेसा नव्हता, ते सुटले. सरकारने त्यांच्या सुटकेविरुद्ध सुप्रीम कोर्टात अपील केले, तेही फेटाळले गेले. दोघांना ऑक्टोबर १९९२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. फाशीच्या शिक्षेविषयी आपले मत काहीही असो, कोर्टाने दोषी निवडले आणि बाकीचे वेगळे केले, ही गोष्ट लक्षात घ्यावी. अमृतसर जिल्ह्यात त्याच १९९२ साली ही निवड कोण करीत होता? तेथे सुटण्याजोगा मनुष्य आणि शिक्षेस पात्र मनुष्य एकाच सरणावर गेला असेल, तर तो कोणता आणि हा कोणता, हे आज ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. या हत्यांचा छडा लागत नाही याचे कारण त्या गूढ होत्या असे नाही. ज्याच्याकडे माहिती होती, तपासाचे कामही त्याच्याचकडे होते.

बेवारस या शब्दाविषयी दोन शब्द बोलून मी थांबतो. ज्याला वारस नाही तो बेवारस, असा त्याचा सरळ अर्थ. या तरुणांना आईबाप होते, भाऊबहिणी होत्या, कित्येकांना बायकामुले होती. दहा मैलांवर घर असलेल्या मुलाच्या नावापुढे कारकुनाने तो शब्द लिहिला आणि त्या एका शब्दाने बापाचा हक्क, कोर्टाचा हक्क आणि आपला सर्वांचा हक्क खोडून टाकला. खालडांना हायकोर्टात विचारले गेले होते, की या मृतांशी तुमचा संबंध काय. त्यांनी तोंडी उत्तर देण्याऐवजी नावे शोधली, गावे शोधली आणि ज्याच्या त्याच्या घरी निरोप पोहोचवला. वारसाने दुसरे काय करायचे असते?

आपल्याही शहरात नगरपालिका आहे, स्मशान आहे आणि तेथे बेवारसांची एक वही आहे. ती आपल्या पैशाने लिहिली जाते. ती कोणी वाचते का, हे एकदा जाऊन पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.