संशोधनागार : नाव आणि वास्तव

बेहाल्याहून डायमंड हार्बर मार्गाने उत्तरेकडे निघून माझेरहाटचा पूल ओलांडला की अलीपूर लागते. कोलकात्याच्या या भागात अटक झालेल्या माणसाची वाटही बहुधा हीच : पोलीस ठाणे, अलीपूरचे न्यायालय आणि मग तुरुंग. या वाटेच्या अखेरची पाटी मात्र बदलली आहे. पश्चिम बंगालने १९९२ साली तुरुंगांसाठी स्वतंत्र कायदा केला. तो २००० साली अंमलात आला आणि ‘जेल’चे ‘संशोधनागार’ झाले. मराठी वाचक या शब्दापाशी क्षणभर थबकतो. आपल्याकडे संशोधन म्हणजे अज्ञाताचा शोध. बंगालीत त्याचा अर्थ चुकीची दुरुस्ती. १८९४ च्या कारागृह कायद्याचा भर बंदोबस्तावर होता. माणूस सुधारू शकतो, हे नव्या नावाने गृहीत धरले.

हे गृहीतक निराधार नव्हते. २००७ सालापासून नृत्यांगना अलोकानंदा राय यांनी प्रेसिडेन्सी संशोधनागारातील बंदिजनांना घेऊन रवींद्रनाथांची ‘वाल्मीकिप्रतिभा’ (१८८१) रंगमंचावर आणली. वाल्या कोळ्याची कथा बालपणीच ऐकलेल्या मराठी माणसाला त्या निवडीचे मर्म सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातही या विचाराची परंपरा जुनी आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या सूचनेवरून १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिजनांची मुक्त वसाहत स्थापन केली. भिंतींच्या जागी विश्वास आणि कोठडीच्या जागी शेती, असा तो प्रयोग होता. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाची प्रेरणा तीच.

तथापि एक गोष्ट नजरेआड होऊ नये. असे प्रयोग मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी होते. ज्याचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही, त्याची ‘दुरुस्ती’ कशाची करायची?

१ जानेवारी १९७५ रोजी देशातील २,२०,१४६ बंद्यांपैकी १,२६,७७२, म्हणजे ५७.६ टक्के, कच्चे कैदी होते. १९७९ साली हुसैनआरा खातून खटल्यात बिहारमधील कच्च्या कैद्यांची स्थिती उघड झाली. काहींनी संभाव्य कमाल शिक्षेहूनही अधिक काळ तुरुंगात काढला होता. त्यानंतर सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. पश्चिम बंगालमधील विधिसाहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यातून डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून देणारा निर्णय आला. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याच्या सुटकेची तरतूद २००६ पासून लागू झाली. मृत्युदंडाचे गुन्हे तिच्यातून वगळले होते. जुलै २०२४ पासून, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ही मर्यादा एकतृतीयांशावर आणण्यात आली.

परंतु २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांत ४,३४,३०२ कच्चे. हे प्रमाण ७५.८ टक्के होते. तुरुंगांची एकूण क्षमता ४,३६,२६६ असल्याने, एकट्या कच्च्या कैद्यांनीच ती जवळजवळ भरून गेली होती. कायदा उदार झाला, तरी जामीनदार मिळवण्याची ऐपत गरिबाकडे आली नाही आणि खटल्यांची गतीही पुरेशी वाढली नाही.

याचा गुन्हेगारीवर काय परिणाम झाला? गुन्ह्यांच्या चढउताराला अनेक कारणे असतात. त्याचे श्रेय वा दोष केवळ तुरुंगाच्या नियमांना देणे उतावळेपणाचे ठरेल. मात्र दोन-चार वर्षांनी निर्दोष सुटलेल्या माणसाचा रोजगार गेलेला असतो, घर विस्कटलेले असते. अशा माणसाला समाजात परत घेण्याची सोय कोणत्याही नव्या पाटीने होत नाही.

अलीपूरचा मध्यवर्ती तुरुंग २०१९ साली बंद झाला, कैदी बारुईपूरला गेले आणि २०२२ साली त्या वास्तूत संग्रहालय उघडले. इतिहास जतन झाला, हे चांगलेच. पण जे आजही आत आहेत, ते कोण, कशासाठी आणि किती दिवस, हे तपासण्यासाठी बंगाली शब्दाला त्याचा मराठी अर्थही जोडून घ्यावा लागेल. दुरुस्तीआधी शोध हवा.