कोरडे राहण्याची हमी ते भिजण्याची अट : पाण्यातील राइड्स आणि पोशाखाचे नियम

१/ वॉटर पार्कच्या दाराशी फलक असतो : सुती कपडे नकोत, जीन्स नको, साडी-ओढणी नको, नायलॉनचा पोशाख सक्तीचा. हा नियम सभ्यतेचा की यंत्राचा? उत्तरासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. #थ्रेड #इतिहास

२/ मे १८७५. पॉल बॉयटन या साहसवीराने रबरी पोशाख घालून इंग्लिश खाडी पार केली. पोशाखात हवा भरलेली होती; पाठीवर तरंगत, हातातील वल्हे मारत तो किनाऱ्याला लागला. मेरिमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने हा पोशाख जहाजावरील प्रवाशांचा जीव वाचवण्यासाठी बनवला होता. बॉयटनने त्याचे खेळ करून जगभर नाव कमावले. पाण्यात राहूनही कोरडे राहणे, हाच त्याचा व्यवसाय झाला.

३/ याच बॉयटनने १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘सी लायन पार्क’ उघडले. सभोवती कुंपण, दारावर प्रवेशशुल्क. आधुनिक थीम पार्कचा हा पूर्वज. तेथील मुख्य आकर्षण होते ‘शूट द शूट्स’ : उंच उतारावरून होडी थेट तळ्यात सोडायची. अशी पहिली घसरण १८८४ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉक आयलंड येथे उभी राहिली होती.

४/ गंमत अशी की या होडीतील माणसे फारशी भिजत नसत. होडीचा तळ सपाट आणि नाळ वर वळलेली असे. चपटा दगड तिरका फेकला की पाण्यावर टप्पे घेत जातो, तशीच ही होडी उसळ्या घेत पुढे जाई. पाणी दोन्ही बाजूंना उडे. मागे उभा असलेला नावाडी तिला धक्क्याकडे वळवी.

५/ १९०३ मध्ये त्याच जागी लूना पार्क उभे राहिले. त्या काळातील छायाचित्रांत होडीतील स्त्रिया पायघोळ झग्यांत आणि मोठ्या टोप्यांत दिसतात, तर पुरुष कोटात. लोक सुटीच्या दिवशीचे ठेवणीतले कपडे घालून येत. ओला झगा अंगाला चिकटणे चारचौघांत लाजिरवाणे मानले जाई. थोडक्यात, समाजाचा पोशाख आधी ठरलेला होता आणि राइड त्याला सांभाळून घेत होती.

६/ भिजायचेच असेल तर समुद्र होता. कोनी आयलंडच्या स्नानगृहांत लोकरी पोशाख भाड्याने मिळत. तेथे मात्र नियम नीतीचे होते. १९२२ मध्ये वॉशिंग्टनच्या सार्वजनिक स्नानतीरावर स्त्रियांचा पोशाख गुडघ्याच्या वर सहा इंचांपेक्षा अधिक नसावा, असा आदेश निघाला. अधिकारी फीतपट्टी घेऊन मोजमाप करी. त्याचे छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे.

७/ राइडच्या इतिहासाचा दुसरा प्रवाह जंगलातून आला. डोंगरावरील लाकूड खाली आणण्यासाठी अमेरिकेत पाण्याचे लाकडी पाट बांधत. १८७५ मध्येच, नेव्हाडात, खाणमालक फेअर आणि फ्लड यांनी एका वार्ताहरासह अशा पाटातून सुमारे २४ किलोमीटर घसरत जाण्याचे धाडस केले. हे धाडस पुढे करमणूक ठरले.

८/ १९६३ मध्ये ‘सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास’ येथे ॲरो डेव्हलपमेंट कंपनीची लॉग फ्लूम राइड सुरू झाली. ओंडक्याच्या आकाराची होडी आणि शेवटी जोरदार शिंतोडा. १९८० मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्डमध्ये गोल तराफ्याची ‘थंडर रिव्हर’ आली. तराफा गरगर फिरे, त्यामुळे कोणाच्या वाट्याला धबधबा येईल याचा नेम नसे. बॉयटनची हमी उलटली : आता भिजणे हीच गंमत होती. ज्याला ते नको, त्याने प्लॅस्टिकचा पोंचो घ्यावा.

९/ तरीही मध्ये होडी होती. १९७७ मध्ये जॉर्ज मिले यांनी ऑरलँडो येथे ‘वेट अँड वाइल्ड’ उघडले आणि वॉटर पार्कच्या घसरगुंड्यांवर तीही गेली. फायबरग्लासचा पृष्ठभाग, त्यावर पाण्याचा पातळ थर आणि थेट माणसाचे शरीर. येथे कपडा हा यंत्राचाच एक भाग झाला.

१०/ आजचे नियम येथून समजतात. सुती कापड पाणी शोषते, जड होते आणि घर्षण वाढवते. वेग घटला की मागून येणारा आदळण्याचा धोका. पदर, ओढणी, नाडी अडकू शकते. झिप आणि धातूची बटणे पृष्ठभागावर ओरखडे पाडतात आणि तो ओरखडा पुढच्याची कातडी सोलू शकतो.

११/ जीन्सच्या खिशांवरील तांब्याच्या रिव्हेटचे पेटंट जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांना १८७३ मध्ये मिळाले. कष्टकऱ्यांचे कपडे उसवू नयेत, हा त्यामागील हेतू. मजबुतीसाठी लावलेली तीच टिकली घसरगुंडीच्या दाराशी जीन्सला अडवते.

१२/ मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आणि १९९८ मध्ये वॉटर किंगडम सुरू झाले. सहकुटुंब सहलीला येणाऱ्या अनेक स्त्रियांचा नेहमीचा पोशाख साडी किंवा सलवार-कमीज. कोनी आयलंडच्या राइडने त्यांना आहे तशा पोशाखात बसवून घेतले असते. घसरगुंडी ते करू शकत नाही. म्हणून भारतातील अनेक वॉटर पार्कांत कोनी आयलंडप्रमाणेच पोशाख भाड्याने मिळू लागले; फक्त लोकरीच्या जागी नायलॉन आले.

१३/ मात्र एक भेद नीट ओळखायला हवा. यंत्राला कापडाचा प्रकार, घट्टपणा आणि धातूचा अभाव यांच्याशी कर्तव्य आहे. किती अंग झाकले आहे, याच्याशी नाही. मनगटापासून घोट्यापर्यंतचा घट्ट नायलॉनचा पोशाख घसरगुंडीला चालतो. ‘सुरक्षितता’ म्हणून लिहिलेला नियम जेव्हा लांबी मोजू लागतो, तेव्हा १९२२ ची फीतपट्टी पुन्हा बाहेर आलेली असते.

१४/ हा भेद पुसला गेला की किंमत मोजते ती काठावर बसून सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळणारी स्त्री. नियम कशासाठी आहे हे फलकावर स्पष्ट लिहिले, अंगभर पोशाखाचा पर्याय दिला, तर तिलाही पाण्यात उतरता येते. फलकावरील प्रत्येक ओळीला म्हणूनच एक प्रश्न विचारावा : ही यंत्राची गरज आहे, की कोणाच्या नजरेची?