निकाल वाचलात, पण प्रश्न वाचलात का?

मित्रांनो, संशोधनाला लागण्याआधी एक जुना खटला बघा.

इंग्लंडमध्ये रेल्वे आली आणि घोडागाड्यांवर जगणाऱ्या रस्त्याकडेच्या सराया, पब ओस पडले. 1885 च्या 'रोव्हर' सायकलीनंतर गिऱ्हाईक परत येऊ लागलं. 1878 मध्ये स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या टूरिंग क्लबने तर सदस्यांसाठी अशा सराया ठरवूनच ठेवल्या. दारावर पंखवाल्या चाकाची पाटी.

ऑक्टोबर 1898. लेडी हार्बर्टन सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकहॅम गावी 'होबॉय'मध्ये जेवायला थांबल्या. अंगात स्कर्टऐवजी सैल विजार. मालकीणबाईंनी कॉफी-रूममध्ये बसू दिलं नाही. जेवायचं तर बारच्या खोलीत, म्हणजे पिणाऱ्या पुरुषांमध्ये! बाई निघून गेल्या. क्लबने खटला भरला. 1899 मध्ये ज्युरीने मालकिणीला निर्दोष सोडलं.

मग 'विजारबंदी कायदेशीर ठरली' असं लिहायचं का? मी पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी लाल रेघ मारली. कोर्टापुढचा प्रश्न होता, सराईवालीने प्रवाशाला जेवण नाकारलं का? दुसऱ्या खोलीत देऊ केलं होतं, म्हणजे नाकारलं नाही. विजारीचा प्रश्न कोर्टाने सोडवलाच नाही.

पण बाईंचा अपमान खोलीतच होता ना! तो निकालात सापडत नाही. म्हणून निकालाआधी विचारलेला प्रश्न वाचा आणि न विचारलेला तुम्ही विचारा. तुमचं संशोधन तिथूनच सुरू होतं.