शोफेलवाले: नेगेवची माती उचलणारे आपले लोक

आपल्या समाजाचा इतिहास सांगताना आपण बहुधा नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजापासून सुरुवात करतो. मग कोकणातला तेलाचा घाणा येतो, मुंबईची सिनेगॉगे येतात, आलिया येते, १९६४ चा लढा येतो आणि लेख संपतो. लष्करातले सुभेदार, रेल्वेतले बाबू, डॉक्टर, शिक्षिका, परिचारिका यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. पण दिमोना, येरुहाम, बेर शेवा, अश्दोद इथल्या घरांतून पहाटे डबा घेऊन निघणारा आणि दिवसभर शोफेल नाही तर दाहपोर चालवणारा माणूस त्या इतिहासात क्वचितच भेटतो. त्याने काय काम केले आणि त्याची आठवण का ठेवायची, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

लेखणीवरून तुरियावर

कोकणात आपले पूर्वज शनवार तेली म्हणून ओळखले जात. बैल घाण्याभोवती फिरे, लाट उखळीत फिरे आणि तेल गळे. शुक्रवारी संध्याकाळी घाणा थांबे, तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत बंद राही. पुढे मुंबई वाढली तसे लोक शहरात आले. १७९६ मध्ये मुंबईत आपले पहिले सिनेगॉग उभे राहिले. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत घाणा मागे पडला. पलटण, रेल्वे, कस्टम, पोस्ट, गिरण्या आणि सरकारी कचेऱ्या यांत आपली माणसे नोकरीला लागली. पांढरा सदरा, खिशात पेन आणि महिन्याच्या महिन्याला पगार, ही प्रतिष्ठेची खूण झाली.

१९४८ नंतर जे ओलीम आले त्यांच्याजवळ मराठी होती, इंग्रजी होती, पण कचेरीत बसण्याइतकी हिब्रू नव्हती. देशातही तेव्हा कचेऱ्या थोड्या आणि ओसाड जमीन फार होती. म्हणून लोकांना अवोदात दाहाक, म्हणजे बेकारांसाठी सरकारने काढलेले काम मिळाले. झाडे लावणे, दगड वेचणे, रस्त्याच्या कडेची खडी पसरणे. हातात तुरिया आली. आपल्या कुदळ-फावड्याची ही बहीणच. ज्याने आयुष्यात कागदाखेरीज काही उचलले नव्हते त्याच्या तळहाताला आठ दिवसांत फोड आले.

हे दुःख खोटे नव्हते. १९५१ च्या अखेरीस बेर शेव्यातल्या आपल्या काही लोकांनी मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध धरणे धरले आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसे भारतात परतली. त्यांतले बरेच जण पुढे पुन्हा इकडे आले. हा भाग आपण नेहमी सांगतो. जे परत गेले नाहीत आणि तुरिया हातात धरून उभे राहिले, त्यांचे पुढे काय झाले हे मात्र आपण फारसे सांगत नाही.

यंत्र आले

त्या वर्षांत नेगेवमध्ये काय काय उभे राहत होते ते पाहा. १९५१ मध्ये येरुहामची वस्ती बसली. १९५२ मध्ये याम हामेलाहच्या खनिजांसाठी सरकारी कंपनी स्थापन झाली. १९५३ मध्ये बेर शेव्याहून स्दोमला जाणारा रस्ता सुरू झाला. बेर शेवा समुद्रसपाटीच्या वर आणि स्दोम तिच्या जवळजवळ ४०० मीटर खाली, यावरून तो उतार कसा असेल ते समजा. १९५५ मध्ये दिमोना वसले. १९५८ मध्ये एलातचा नवा रस्ता खुला झाला. १९६४ मध्ये उत्तरेचे पाणी नेगेवकडे आणणारी देशाची मोठी जलवाहिनी पुरी झाली. १९६५ मध्ये अश्दोदचे बंदर चालू झाले आणि त्याच वर्षी आगगाडी दिमोन्याला पोहोचली. शिवाय ओरोनच्या फॉस्फेटच्या खाणी, येरुहामजवळच्या माख्तेशमधली वाळू आणि जागोजागी दगडाच्या खाणी होत्याच.

एवढे काम तुरियाने होणार नव्हते. चाकांवर चालणारे आणि पुढे बादली असलेले यंत्र तेव्हा जगातही नवीनच होते. अमेरिकेत फ्रँक हफ याच्या कारखान्याने १९३९ मध्ये असे एक सलग यंत्र बनवले आणि १९४७ मध्ये चारही चाकांना जोर देणारे, तेलाच्या दाबाने बादली हलवणारे यंत्र काढले. १९६३ पर्यंत कॅटरपिलरचे ९८८ सारखे खाणीत चालणारे मोठे लोडर बाजारात आले होते. इकडे या यंत्राला सगळे शोफेल म्हणू लागले. इंग्रजी शब्दच हिब्रूने आपलासा केला. बादलीला काफ म्हणतात, म्हणजे चमचा. पट्ट्यांवर चालणाऱ्या बुलडोझरला दाहपोर हे नाव घडवले. त्यात ढकलणे आणि खणणे हे दोन्ही धातू एकत्र केले आहेत.

मध्यम आकाराच्या शोफेलच्या काफमध्ये साधारण ३ घनमीटर माल मावतो. वाळू असेल तर साडेचार-पाच टन. एका घमेल्यात १५ किलो धरले, तर तीनशेहून अधिक घमेली एका उचलीत ट्रकमध्ये पडतात. ज्याने घमेले वाहिले आहे त्यालाच या आकड्याचा अर्थ कळेल.

तुरियावरून यंत्राच्या खुर्चीवर चढणे ही मोठी बढती होती. रोजंदारी जाऊन कायमची नोकरी मिळण्याची आशा होती. वाहतूक खात्याचा परवाना लागे, परीक्षा द्यावी लागे आणि एकदा परवाना खिशात आला की तो कोणी काढून घेऊ शकत नसे. यात आपल्या लोकांना एक गोष्ट उपयोगी पडली. परदेशी यंत्रांबरोबर येणारी पुस्तिका इंग्रजीत असे. तेल कधी बदलायचे, दाब किती ठेवायचा, कोणता काटा लाल रेषेवर गेला की इंजिन बंद करायचे, हे त्यात लिहिलेले. रोजगार कचेरीत ज्या इंग्रजीला कोणी विचारले नव्हते, ती यंत्राजवळ कामाला आली.

हाताचे कसब

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की दांडा ओढला की बादली उठते, त्यात काय मोठे? पण हे काम शिकायला वर्षे लागतात. ढिगाऱ्याकडे सरळ जायचे, तिरके नाही. काफचे तळ जमिनीला समांतर आणि अगदी खाली ठेवायचे. माल दाटून आला की काफ मागे वळवत उचलायची. नुसता जोर लावला तर चाके जागेवर फिरतात आणि खडकाच्या धारेने टायर फाटतो, आणि टायर ही मोठ्या खर्चाची वस्तू. मग मागे यायचे आणि थोडे वळून ट्रककडे जायचे. ढिगारा आणि ट्रक यांच्यामध्ये यंत्राची वाट इंग्रजी व्ही अक्षरासारखी पडते. ती जितकी आखूड, तितके दिवसाचे ट्रक जास्त.

भरलेली काफ घेऊन चालताना ती खाली, गुडघ्याच्या उंचीच्या आसपास ठेवायची. ती उंच धरून वळले तर यंत्र कलंडते. उतारावर भार नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा, म्हणून भरल्या काफने उतरताना मागे मागे उतरायचे. हे नियम पुस्तिकेत आहेत, पण अंगात उतरतात ते सवयीने. चांगला मफईल इंजिनचा आवाज ऐकून सांगे की आत माती आहे की खडक. घाण्याची कुरकुर ऐकून लाट ओळखणाऱ्या तेल्याच्या नातवाला हे जमले यात नवल नाही.

स्दोमची गोष्ट आणखी निराळी. तिथे याम हामेलाहचे पाणी मोठ्या तळ्यांत सोडतात. ऊन पाणी शोषून घेते. आधी साधे मीठ खाली बसते, मग उरलेले पाणी दुसऱ्या तळ्यात नेले की कार्नालाइट बसते आणि त्यातून पोटॅश निघते. पुढे तळ्यांवर तरंगणाऱ्या यंत्रांनी ते काढू लागले. तरी बांध घालणे, बांध दुरुस्त करणे आणि तयार पोटॅशचे डोंगर ट्रकवर चढवणे हे काम दाहपोर आणि शोफेलचेच राहिले. उन्हाळ्यात तिथे पारा ४० च्या वर जातो. खारट हवेने लोखंड खाल्ले जाते, मग माणसाच्या कातडीचे काय सांगावे! सुरुवातीच्या यंत्रांना बंद केबिन नव्हती. वर छप्पर असले तर नशीब. थंड हवेची केबिन ही पुढच्या पिढीने पाहिली.

ज्या वर्षी आपल्याला प्रश्न विचारला

आता तारखा जुळवून पाहा. १९६२ मध्ये रब्बानुथने आदेश काढला की बेने इस्राएल माणसाचे इतर यहुद्याशी लग्न लावण्यापूर्वी त्याच्या घराण्याची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. आपण यहुदी आहोत की नाही, हा प्रश्न विचारला गेला. त्यावर समाज उठला, जेरुसलेममध्ये धरणे झाले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेथने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत.

१९६२ ते १९६४ ही वर्षे आणि वर सांगितलेली कामे यांत अंतर नाही. एकीकडे आमच्या रक्ताची चौकशी चालू होती, दुसरीकडे आमचीच माणसे याच देशाचे रस्ते सपाट करत होती. पहाटे कामावर जाणारा माणूस संध्याकाळी सभेला बसत होता. आपण धरण्यातल्या पुढाऱ्यांचे ऋण मानतो आणि ते योग्यच आहे. पण त्या धरण्याला बळ कुठून आले? ज्यांचा पगार या मातीतून येत होता आणि जे परत जायला तयार नव्हते, अशा साध्या कामगारांच्या घरांतूनही ते आले. ठरावाने आपले नाव कागदावर नीट लिहिले. जमिनीवर ते त्याआधीच लिहिले जात होते.

शब्बाथ आणि शरीर

आणखी एक गोष्ट. मुंबईच्या कचेरीत शनिवारी कामाला जावे लागे. शनवार तेल्यांची मुले शनिवारी फाइली उघडून बसत आणि मनात चुटपुट राही. इथे बांधकामाच्या जागेवर शुक्रवारी दुपारी यंत्रे ओळीने उभी राहत, काफ जमिनीला टेकवून. रजा मागावी लागत नसे. खारखान्यांत पाळ्या चालत आणि तिथे प्रत्येकाला ही सोय नव्हती, हेही खरे. पण ज्यांना ती मिळाली त्यांना घाणा थांबवणाऱ्या आजोबांची आठवण नक्की झाली असेल.

या कामाची किंमतही द्यावी लागली. दिवसाचे आठ-दहा तास हादरे खाणारी पाठ साठीच्या आधी बोलू लागते. इंजिनाजवळ बसून कान जड होतात. फॉस्फेटची आणि दगडाची धूळ छातीत बसते. आपल्या घरांतले कितीतरी काका-मामा टीव्हीचा आवाज मोठा करून बसत आणि मुले त्यांना हसत. तो आवाज का मोठा लागतो, हे त्यांनी कधी सांगितले नाही. तक्रार करण्याची त्या पिढीला सवयच नव्हती.

आणि मुलांना त्यांनी काय सांगितले? तू शीक, यंत्रावर बसू नकोस. मुले शिकली, इंजिनिअर, नर्स, शिक्षक, अधिकारी झाली. पण या सांगण्याचा एक परिणाम असा झाला की बापाचे काम घरात बोलण्याचा विषयच राहिला नाही. लग्नाच्या बोलणीत मुलाचे वडील काय करत होते असे विचारले, तर कारखान्यात होते एवढेच उत्तर दिले जाई.

एक जुना शब्द

शोफेल हा रोजचा शब्द. शुद्ध हिब्रूत या यंत्राला याए म्हणतात. हा शब्द नवा नाही. शेमोथच्या पुस्तकात, निवासमंडपाच्या वेदीसाठी जी भांडी करायला सांगितली त्यांत राख काढण्याची फावडी आहेत. त्यांना याईम म्हटले आहे. भाषा नव्याने घडवणाऱ्यांनी तोच शब्द या यंत्राला दिला. वेदीजवळ राख काढण्याचे काम जर कमीपणाचे नव्हते, तर ढिगाऱ्याजवळचे कसे असेल?

आज नातवंडे अलिबाग-रेवदंड्याला आजोबांचे गाव पाहायला जातात. तिथे रस्त्यावर माती काढणारे यंत्र दिसले तर गावकरी त्याला जेसीबी म्हणतात, आणि नातवंडे शोफेल म्हणतात. दोन्ही शब्द आपल्या घरचेच आहेत.

म्हणून वडीलधाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. आपल्या कपाटात जुना परवाना, पगाराची चिठ्ठी किंवा यंत्रासमोर उभे राहून काढलेला फोटो असेल. फोटोच्या मागे नाव, गाव, वर्ष आणि यंत्र कोणते होते ते लिहून ठेवा. हात थरथरत असेल तर नातवाकडून लिहून घ्या. कोणता रस्ता केला, कोणता बांध घातला, त्या जागेजवळून गाडी जाताना मुलांना दाखवा. सिनेगॉगच्या भिंतीवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. रस्त्यावर तो करणाऱ्याचे नाव कोणी कोरत नाही. ते काम घरच्यांनाच करावे लागते, आणि सांगणारे आपल्यात आहेत तोवरच ते होऊ शकते.