काळ्या डोक्याचा भारीट: युरोपातून आफ्रिकेला न जाता ज्वारीच्या रानात येणारा पक्षी

पुणे, सातारा, सोलापूर किंवा अहिल्यानगर भागात हिवाळ्यात ज्वारीच्या रानाजवळून जाताना एक दृश्य हमखास दिसतं. पिवळसर पाखरांचा मोठा थवा पिकातून एकदम उठतो आणि शेजारच्या बाभळीवर जाऊन बसतो. अनेकांना या चिमण्या किंवा सुगरणी वाटतात. पण थव्यातल्या काही पक्ष्यांचं डोकं काळं आणि पोट पिवळंधमक असेल, तर ते बहुधा काळ्या डोक्याचे भारीट असतात.

हा पक्षी महाराष्ट्रात दुर्मीळ नाही. तरीही त्याची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. कारण जगातले जवळपास सगळे काळ्या डोक्याचे भारीट हिवाळा भारतातच घालवतात, तोही प्रामुख्याने पश्चिम आणि मध्य भारतात.

कसा ओळखायचा?

आकाराने चिमणीपेक्षा थोडा मोठा, लांबी साधारण १७ सेंटिमीटर. नराचं डोकं काळं, पाठ तांबूस-तपकिरी आणि गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची खालची बाजू पिवळी असते. मादी फिकट मातकट रंगाची असते.

सप्टेंबरमध्ये आलेला नर मात्र पुस्तकातल्या चित्रासारखा दिसत नाही. डोक्यावरच्या काळ्या पिसांना फिकट कडा असतात आणि त्यामुळे काळा रंग झाकला जातो. हिवाळाभर या कडा झिजत जातात. मार्चमध्ये परतीची वेळ येते, तेव्हा नर सगळ्यात देखणा दिसतो.

त्याच्या थव्यात लाल डोक्याचा भारीटही असू शकतो. त्याची वीण मध्य आशियात होते. दोन्ही जातींचे नर सहज वेगळे ओळखता येतात, पण माद्या ओळखताना अनुभवी पक्षीनिरीक्षकही गोंधळतात. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे, इराणमध्ये, या दोन जातींचा संकरही होतो.

हा पक्षी येतो कुठून?

इटलीचा काही भाग, बाल्कन देश, ग्रीस, सायप्रस, तुर्कस्तान ते इराण हा त्याच्या विणीचा प्रदेश. तिथल्या झुडपाळ माळांवर, शेतांच्या बांधांवर आणि द्राक्षमळ्यांत तो जमिनीपासून थोड्याच उंचीवर घरटं बांधतो. नर झुडपाच्या शेंड्यावर किंवा तारेवर बसून गातो. मादी साधारण चार-पाच अंडी घालते. अंडी उबवण्याचं काम तिचंच असतं आणि त्याला सुमारे दोन आठवडे लागतात.

विशेष म्हणजे हिवाळ्यात धान्यावर जगणारा हा पक्षी पिल्लांना मात्र नाकतोडे, अळ्या, भुंगे असे किडे भरवतो. वाढत्या पिल्लांना प्रथिनं लागतात आणि ती किड्यांमधून मिळतात.

हा सगळा संसार झटपट उरकला जातो. हे पक्षी युरोपात एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात पोहोचतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये निघतातही. म्हणजे आपण ज्याला ‘पाहुणा’ म्हणतो, तो वर्षातला जास्त काळ आपल्याकडेच असतो.

आफ्रिकेला का जात नाही?

युरोपातले बहुतेक लांब पल्ल्याचे स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातात. भारीट मात्र पूर्वेकडे वळतो आणि तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असा प्रवास करत भारतात शिरतो. बल्गेरियातून महाराष्ट्रापर्यंतचं अंतर पाच हजार किलोमीटरहून अधिक भरतं. आपल्या ओळखीची भोरडीही अशीच पश्चिमेकडून भारतात येते.

अशा पक्ष्यांबद्दल एक मत असं आहे, की त्यांचे पूर्वज आशियातून हळूहळू पश्चिमेकडे पसरले. विणीचा प्रदेश युरोपापर्यंत वाढला, पण हिवाळ्यात जायची जुनी जागा बदलली नाही.

परतीची वेळ कशी कळते?

या प्रश्नाचं बरंचसं उत्तर भारतीय प्रयोगशाळांमध्ये मिळालं आहे. लखनौ आणि दिल्ली विद्यापीठांत काम केलेले प्रा. विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यावर अनेक वर्षं संशोधन केलं.

या प्रयोगांमध्ये पक्ष्यांना कृत्रिम प्रकाशात ठेवून ‘दिवस’ लहान-मोठा केला जातो. दिवस लहान असताना पक्षी नेहमीसारखे वागतात. तो मोठा केला की त्यांची भूक वाढते, अंगावर चरबी चढते आणि वजन झपाट्याने वाढतं. एरवी रात्री झोपणारे हे पक्षी मग पिंजऱ्यात रात्रभर पंख फडफडवत राहतात. निसर्गात ते रात्री प्रवास करतात, ही त्याचीच तयारी असते.

म्हणजे वाढणारा दिवस हेच त्यांचं कॅलेंडर. मार्चमध्ये आपल्याकडे दिवस बारा तासांच्या पुढे जाऊ लागतो, तोवर त्यांच्या शरीरात परतीची तयारी सुरू झालेली असते. चरबी हे प्रवासाचं इंधन, आणि ते भरलं जातं ते इथल्या शेतांतल्या दाण्यांवर.

शेतकऱ्यांसाठी डोकेदुखी?

हो, आणि ती तक्रार खोटी नाही. ज्वारीचा दाणा चिकात आला की थवे कणसांवर उतरतात. म्हणूनच गोफण, बुजगावणं आणि माळ्यावर बसून केलेली राखण हा ज्वारीच्या शेतीचा भाग आहे. आसपासच्या सगळ्या शेतांत ज्वारी असेल तर नुकसान विभागलं जातं. एकट्या-दुकट्याच शेतात ज्वारी उरली, तर सगळी पाखरं तिथेच उतरतात.

सध्या तेच होताना दिसतं. महाराष्ट्रात खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे. ज्यांनी ज्वारी टिकवली, त्यांच्यावर पाखरांचा भार वाढतो, राखणीला माणूस मिळत नाही आणि मग तेही पीक बदलतात. यात शेतकऱ्याचं नुकसान आहे आणि पक्ष्याचंही.

तो धोक्यात आहे का?

सध्या नाही. जागतिक पातळीवर त्याची नोंद ‘कमी चिंतेची’ प्रजाती अशी आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षणही आहे.

पण त्याच्याच कुळातल्या पिवळ्या छातीच्या भारीटाचं उदाहरण सावध करणारं आहे. फिनलंडपासून जपानपर्यंत वीण असलेला हा पक्षी एकेकाळी युरोप-आशियातल्या सर्वाधिक संख्येच्या पक्ष्यांपैकी एक होता. स्थलांतराच्या वाटेवर, विशेषतः चीनमध्ये, खाण्यासाठी त्याची प्रचंड प्रमाणात पकड झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९८० ते २०१३ दरम्यान त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटली. २०१७ मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

काळ्या डोक्याच्या भारीटाची अशी शिकार होत नाही. पण संख्या मोठी आहे म्हणून जात सुरक्षित, हे समीकरण या उदाहरणाने खोटं ठरवलं. शिवाय वीण अनेक देशांत पसरलेली असली, तरी हिवाळ्यात हे सगळे पक्षी एकाच भागात एकवटतात. त्या भागातली पिकं, बांध आणि बाभळी बदलल्या, तर परिणाम ग्रीसपासून इराणपर्यंत दिसू शकतो.

कधी आणि कुठे पाहाल?

डिसेंबर ते मार्च हा उत्तम काळ. सकाळी किंवा सूर्यास्ताच्या आधी ज्वारी, बाजरी, गव्हाच्या शेतांजवळ थांबा. संध्याकाळी हे थवे मुक्कामासाठी काटेरी झाडांवर गोळा होतात. थवा दिसला तर तारीख, ठिकाण, अंदाजे संख्या आणि शेतातलं पीक यांची नोंद ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर करा. साधा, रोजचा वाटणारा पक्षी कमी होतोय का, हे अशा नोंदींमधूनच वेळेत कळू शकतं.