पंढरीचं दार सगळ्यांसाठी उघडलं त्याची हकिगत

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पण माउली, दिंडी सुरू झाली तेव्हा तिच्यातल्या सगळ्याच वारकऱ्यांना विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवता येत नव्हतं, हे आज कितीजणांना ठाऊक आहे? म्हणून ही हकिगत आम्ही इथं लिहून ठेवतो.

महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना भिंत कोसळली आणि चोखोबा गेले, ते साल १३३८. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या, असं परंपरा सांगते. चोखोबांचे अभंग आपण कीर्तनात डोलत गातो. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा हे सगळं घरच अभंग रचणारं. पण त्यांच्या समाजाला पुढं सहाशे वर्षं त्या पायरीच्या आत पाऊल टाकता आलं नाही. वाळवंटात कीर्तन ऐकायचं, कळसाला हात जोडायचे आणि माघारी फिरायचं.

ही गोष्ट खटकणारी माणसं होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या तळ्याचं पाणी हाती घेतलं. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू झाला. पंढरीसाठी उभे राहिले साने गुरुजी. १९४६ च्या कार्तिकीलाच उपोषणाला बसायचं त्यांनी ठरवलं होतं. सहकारी म्हणाले, आधी लोकांना समजावून सांगू. मग गुरुजी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडले. सेनापती बापटांसारखी माणसं सोबतीला होती. गावोगाव सभा भरल्या, सेवादलाच्या पोरांनी गाणी म्हटली. कितीतरी गावांनी आपली देवळं आणि पाणवठे तेव्हाच खुले केले. आम्हाला यात मोठी गोष्ट ही वाटते की, पंढरीचं दार उघडायच्या आधी गावची विहीर उघडली.

तरी पंढरीचं दार हललं नाही. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. जागा कोण देणार, हाच प्रश्न होता. तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. गावाचा रोष पत्करून एका वारकरी महाराजांनी हे केलं, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. पण विरोध करणाऱ्यांतही माळकरी होते, हेही लपवू नये. दहा दिवसांनी, १० मे रोजी, मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं आणि उपोषण सुटलं. देव बाटेल म्हणून त्याचं तेज घागरीत काढून ठेवल्याची गोष्ट पंढरपुरात अजून सांगतात. पण देव बाटला नाही. तो आहे तसाच कमरेवर हात ठेवून उभा आहे.

आता आपल्या दिंडीचं. खोटं कशाला लिहायचं? आपल्या थोरल्या माणसांकडून आम्ही ऐकलंय की, पूर्वी मुक्कामी दोन पंगती बसायच्या. भजनात टाळ एकत्र, जेवताना मात्र काही जण झाडाखाली वेगळे. वाढणारा वरून वाढायचा. रस्त्यात एकमेकांच्या पाया पडणारे आपण, ताट मांडताना जात विचारत होतो. देऊळ उघडल्यावरही ही रीत लगेच गेली नाही. कुणी ठराव करून ती मोडली नाही. काही तरुण वारकरी मुकाट्यानं झाडाखालच्या पंगतीत जाऊन बसू लागले आणि हळूहळू पंगत एकच झाली. ज्यांना तिथं बसावं लागलं, त्यांची क्षमा दिंडीनं कधी मागितली नव्हती. शंभराव्या वर्षी आम्ही ती मागतो.

पुढं १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क कोर्टात लढत लढत अखेर २०१४ साली संपले. त्याच वर्षी मंदिर समितीनं पूजेच्या सेवेसाठी सर्व जातींच्या माणसांकडून आणि बायकांकडूनही अर्ज मागवले. सहाशे वर्षं पायरीवर थांबलेली वाट अशी गाभाऱ्यापर्यंत पोचली.

पण वाट संपली असं म्हणू नका. वारीत एका ताटात जेवणारे आपण गावात परतल्यावर कुणाच्या घरचं पाणी पितो, कुणाच्या मयताला खांदा देतो, हे ज्यानं त्यानं मनाशी विचारावं. यंदा दर्शनाला जाताना चोखोबांच्या समाधीपाशी घडीभर थांबा, सोबतच्या लेकरांना ही हकिगत सांगा आणि मग आत चला.